बटण एकदा दाबलं, आकडा सातने वाढला

भाचा परवा दुकानात शिरला तोच तणतणत. "आत्या, कोड बरोबर आहे, बोर्डच डुप्लिकेट दिलाय त्याने." हातात आर्डुइनो उनो या प्रोग्राम करायच्या छोट्या बोर्डाचा क्लोन, ब्रेडबोर्ड (डाग न देता तारा खोचायची भोकांची पाटी), चार जंपर वायरी आणि एक बटण. बटण एकदा दाबलं की स्क्रीनवरचा आकडा कधी तीनने वाढायचा, कधी सातने. आणि कधी नुसता हात जवळ नेला तरी वाढायचा. बोर्डाला काहीच झालं नव्हतं. दोन वेगवेगळे दोष एकाच वेळी होते आणि तो दोन्ही कोडमध्ये शोधत बसला होता.

साताऱ्यात माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. दिवसा इन्व्हर्टर, मिक्सर, गिरणीचे स्टार्टर, आणि प्रोजेक्टचा हंगाम आला की संध्याकाळी डिप्लोमाची पोरं. बटणाचा इंटरप्ट, म्हणजे पिनवर बदल झाला की चिपने चालू काम थांबवून ठरलेलं फंक्शन चालवणं, हा त्यांचा ठरलेला रडगाण्याचा विषय. म्हणून मी ज्या क्रमाने तपासते तो इथे लिहून ठेवते. क्रम महत्त्वाचा आहे, कारण तो मोडला की माणूस रात्रभर प्रोग्राम बदलत बसतो आणि सकाळी कळतं की बटणच आडवं लावलं होतं.

मी चार प्रश्न विचारते. पिनपर्यंत व्होल्टेज नीट येतं का? चिपला त्या पिनवर लक्ष ठेवायला खरंच सांगितलंय का? हाक आल्यावर जे फंक्शन चालतं ते शहाण्यासारखं वागतं का? आणि शेवटी, मोजलेले ठोके बोटाचे आहेत का? पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

आधी मीटर, मग लॅपटॉप

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. काळा प्रोब बोर्डाच्या ग्राउंडला, लाल प्रोब थेट बोर्डाच्या पिनवर. ब्रेडबोर्डच्या भोकात नाही, कारण ब्रेडबोर्डची ढिली पट्टी हाच अर्ध्या वेळा चोर असतो. ५ व्होल्टच्या बोर्डावर पुल-अप (पिनला पाच व्होल्टकडे धरून ठेवणारा रेझिस्टर) लावलेला असेल तर बटण न दाबता पाचच्या आसपास दिसायला हवं, आणि दाबल्यावर जवळजवळ शून्य. उनोवरची एटमेगा ३२८पी ही चिप ५ व्होल्टवर चालताना १.५ व्होल्टच्या खाली शून्य मानते आणि ३ च्या वर एक. मधल्या पट्ट्यात ती काय मानेल याची हमी नाही. मीटरवर दीड-दोन व्होल्ट दिसत असतील, आकडा डुलत असेल, तर पिन हवेत लोंबकळते आहे.

भाच्याचा पहिला दोष हाच. त्याने पिनला नुसतं 'इनपुट' केलं होतं, 'इनपुट पुलअप' नाही. बटण दाबल्यावर पिन ग्राउंडला जायची, सोडल्यावर तिला कुणीच धरून ठेवत नव्हतं. अशी पिन म्हणजे अँटेनाच. ट्यूबलाइट, मोबाइलचा चार्जर, आपला हात, सगळ्यांचं ऐकते. खात्री करायची सोपी रीत: बटणाला हात न लावता जंपरच्या वायरवरून बोट फिरवा. आकडा हलला की निदान झालं.

चिपच्या आतला पुल-अप २० ते ५० के ओहमचा असतो. टेबलावर, वीतभर वायरला तो पुरतो. तेरा नंबरच्या पिनवर मात्र त्याच्या भरवशावर राहू नका. तिथे बोर्डावरचा एलईडी लटकलेला असतो, आणि काही बोर्डांवर तो पिनला खाली ओढून १.७ व्होल्टवर आणून ठेवतो. बटणाला दुसरी पिन घ्या.

आता ते छोटं चार पायांचं बटण. चार पाय दिसतात पण आत जोड्या आहेत, दोन-दोन पाय कायमचे एकमेकांना जोडलेले. नव्वद अंशांत फिरवून लावलं तर बटण कायम दाबलेलंच. बटण उपटून काढा, मीटर बीपवर ठेवा आणि पाय तपासा. पाठ करायची गरज नाही, फक्त समोरासमोरच्या कोपऱ्यातले, म्हणजे तिरपे, दोन पाय वापरा. तिरपे पाय कधीच आतून जोडलेले नसतात, त्यामुळे बटण कसंही फिरवलं तरी बरोबरच बसतं. ही युक्ती मला कॉलेजात कुणी सांगितली नव्हती, गिऱ्हाइकाच्या वॉशिंग मशीनच्या पॅनेलवर कळली.

हे झालं की इंटरप्ट विसरा आणि दोन ओळींचा प्रोग्राम टाका: पिन वाचायची, तीच एलईडीला द्यायची. बटणाबरोबर एलईडी इमानदारीत बदलला तर वायरिंगचा खटला संपला.

चिपला निरोप पोचलाय का

उनोवर बाहेरून येणारे खास इंटरप्ट दोनच: पिन २ आणि पिन ३. पोरं बटण सातवर लावतात आणि 'अटॅच इंटरप्ट' लिहून वाट बघत बसतात. कंपायलर तक्रार करत नाही, बोर्ड तक्रार करत नाही, फक्त काही घडत नाही.

त्याहून फसवं म्हणजे नंबरांचा घोळ. पिन २ वरच्या इंटरप्टचा नंबर शून्य आहे, पिन ३ वरच्याचा एक. 'अटॅच इंटरप्ट'च्या कंसात सरळ २ लिहिलं तर उनोवर तो इंटरप्ट अस्तित्वातच नाही. म्हणून तिथे कायम 'डिजिटल पिन टू इंटरप्ट' वापरायचं आणि त्याला पिनचा नंबर द्यायचा. भाच्याने विचारलं, "मग १ लिहिलं तर?" तर चिप तीन नंबरच्या पिनवर कान देईल आणि तू दोन नंबरचं बटण दाबत बसशील.

पुल-अप असेल तेव्हा बटण दाबणं म्हणजे पाचावरून शून्यावर उतरणं, म्हणून 'फॉलिंग' निवडायचं. 'लो' निवडलंत तर बोट बटणावर आहे तोवर फंक्शन पुन्हा पुन्हा चालत राहतं आणि मुख्य प्रोग्राम गुदमरतो. ८०५१ ही चिप वापरणाऱ्यांना हाच त्रास न मागता मिळतो. तिथे पी ३.२ वरचा इंटरप्ट सुरुवातीला पातळीवर चालतो, कडेवर, म्हणजे बदलाच्या क्षणावर, नाही. आयटी-शून्य हा बिट एक केल्याशिवाय तो कड पकडत नाही, आणि सगळ्या इंटरप्टांचा मुख्य स्विच असलेला ईए बिट विसरलात तर एकही इंटरप्ट येत नाही.

बाकीच्या चिपांचे एकेक खोडसाळ स्वभाव पटकन सांगते. ईएसपी ३२ वर ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुटच्या आहेत आणि त्यांना आतला पुल-अप नाहीच. कोडमध्ये लिहिलात तरी लागत नाही, बाहेरून १० के लावावा लागतो. तिथलं इंटरप्टचं फंक्शन रॅममध्ये ठेवायची खूण, 'आयरॅम अ‍ॅट्र', लावायची. ईएसपी ८२६६ वर पिन १६ ला इंटरप्ट नाही. एसटीएम ३२ मध्ये पीए-शून्य आणि पीबी-शून्य यांची लाइन एकच, त्यामुळे एका वेळी त्यातल्या एकाच पिनवर इंटरप्ट घेता येतो. पिक १६एफ८७७ए वर पोर्ट बीच्या (पोर्ट म्हणजे पिनांचा गट) वरच्या चार पिनांचा बदल-इंटरप्ट वापरत असाल तर आधी पोर्ट वाचायचा, मगच फ्लॅग, म्हणजे इंटरप्ट आल्याची खूण, पुसायचा. न वाचता पुसलात तर तो पुन्हा उभा राहतो आणि चिप तिथेच फुगडी घालते.

बटण दाबलं की बोर्ड रीसेट होतोय? याची मला भेटलेली कारणं दोन. एक, बटण पाच व्होल्ट आणि ग्राउंडच्या मधेच लावलंय, म्हणजे दाबलं की शॉर्ट. दोन, इंटरप्ट चालू केलाय पण त्याच्या व्हेक्टरच्या (कुठलं फंक्शन चालवायचं हे सांगणाऱ्या नोंदीच्या) नावात स्पेलिंग चुकलंय. एव्हीआरचा (उनोवरच्या चिपचं घराणं) कंपायलर अशा वेळी नुसती वॉर्निंग देऊन पुढे जातो. मग इंटरप्ट आला की चिपला त्याचं फंक्शन सापडत नाही आणि ती प्रोग्रामच्या आरंभाला उडी मारते. बघणाऱ्याला रीसेट वाटतो. वॉर्निंग वाचायची सवय लावा.

फंक्शन छोटं ठेवा, अगदी छोटं

या टप्प्यावर मी पोरांचं फंक्शन पुसून टाकते आणि एकच ओळ ठेवते: आकडा एकने वाढव. बाकी सगळं, सिरियलवर छापणं, एलसीडी, रिले, मुख्य लूपमध्ये. इंटरप्टचं फंक्शन चालू असताना एव्हीआरवर बाकीचे इंटरप्ट थांबलेले असतात, म्हणून 'मिलीज' (बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) पुढे सरकत नाही आणि 'डिले' भलतंच वागतो. दारावर कुणी बेल वाजवली तर दार उघडून "बसा" म्हणायचं, उंबऱ्यावर उभं राहून जेवण वाढायचं नाही.

जो आकडा फंक्शनमध्ये बदलतो आणि लूपमध्ये वाचला जातो त्याच्यापुढे 'व्होलाटाइल' हवंच. नाहीतर कंपायलर हुशारी करतो. लूपमध्ये तो आकडा कुणी बदलताना दिसत नाही म्हणून जुनीच प्रत धरून बसतो.

आणि एक दोष, जो महिन्यातून एकदा दिसतो आणि म्हणून जास्त छळतो. उनो ८ बिटांची आहे, तुमचा इंट १६ बिटांचा. तो दोन घासांत वाचला जातो. समजा आकडा २५५ आहे. लूपने खालचा बाइट वाचला, २५५. नेमका तेव्हाच इंटरप्ट आला, आकडा २५६ झाला, म्हणजे खालचा बाइट शून्य आणि वरचा एक. लूप परत येऊन वरचा बाइट वाचतो, एक. दोन्ही जोडले की होतात ५११. आकडा खरं तर एकने वाढलेला, स्क्रीनवर मात्र एकदम दुप्पट उडी! उपाय साधा: वाचण्याआधी 'नो इंटरप्ट्स', आकडा दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये उतरवायचा, लगेच 'इंटरप्ट्स'. काम करायचं ते त्या उतरवलेल्या प्रतीवर.

सातचं कोडं

पुल-अप लावल्यावर भाच्याचा हात फिरवण्याचा प्रकार थांबला. तरी एकदा दाबलं की तीन, पाच, सात चालूच. हा दुसरा दोष, बटणाचा बाउन्स. आतली पत्र्याची चकती खाली आदळते, उडते, पुन्हा आदळते. डोळ्याला एक ठोका, चिपला पाच-सहा.

माझ्याकडे ऑसिलोस्कोप नाही. लागतही नाही, बोर्डच स्वतःचा साक्षीदार होतो. बत्तीस खणांचा एक अ‍ॅरे घ्या. इंटरप्ट आला की 'मायक्रोज'ची वेळ पुढच्या खणात टाका, खण भरले की टाकणं बंद. दोन सेकंदांनी लूपमधून सगळे खण छापा, पहिल्या वेळेपासूनचं अंतर काढून. उनोवर ही वेळ ४ मायक्रोसेकंदांच्या पायरीने मिळते, आपल्याला भरपूर.

भाच्याच्या बटणाचं एका दाबाचं चित्र असं आलं: ०, ५२, ९६, ४२०, ४६८, १३०४. मग बराच वेळ काही नाही. आणि मग एकटाच: १८३२२०.

तो शेवटचा बघून त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हा कुठून आला? मी तर दाबून धरलं होतं." १८३ मिलिसेकंदांनी त्याने बटण सोडलं होतं. सोडताना पण चकती थरथरते: वर, परत खाली, वर. त्या मधल्या "परत खाली"ला चिप फॉलिंग म्हणते. म्हणजे आपण फक्त दाबणं पकडतोय असं वाटतं, प्रत्यक्षात सोडणंही मोजलं जातं.

आणि इथेच तो सगळीकडे सापडणारा उपाय अपुरा पडतो: इंटरप्टमध्ये मागच्या वेळेपासून ५० मिलिसेकंद झाले असतील तरच मोज. वरच्या यादीत बघा. पहिले सहा एक होतील, पण १८३ वरचा ठोका पन्नासाच्या पलीकडे आहे, तो आरामात आत येईल. झटकन दाबून सोडणाऱ्याला एक मिळेल, रेंगाळणाऱ्याला दोन. कारखान्यातला माणूस मग म्हणतो, मशीन माणूस बघून मोजतं.

मी असं करते. इंटरप्टने फक्त झेंडा उभारायचा. लूपने झेंडा पाहिला की २० मिलिसेकंद जाऊ द्यायचे आणि पिन पुन्हा वाचायची. अजून खाली असेल तर एक मोजायचा, नसेल तर झेंडा पाडून सोडून द्यायचं. मोजल्यानंतर पिन सलग २० मिलिसेकंद वर राहिलेली दिसेपर्यंत नवा झेंडा मानायचा नाही, मधे उभारलेला असेल तर पाडायचा. थांबण्यासाठी 'डिले' नाही, 'मिलीज'ची वजाबाकी. ती 'अनसाइन्ड लाँग'मध्ये केली की साधारण ४९.७ दिवसांनी मिलीज शून्यावर येतो तेव्हाही गडबड होत नाही.

काही जण या काळात इंटरप्ट बंद करून नंतर चालू करतात. नुसता मास्क, म्हणजे त्या इंटरप्टची परवानगी, बंद केला असेल तर कडा चिपच्या फ्लॅगमध्ये साठून राहते, चालू केल्या क्षणी फंक्शन चालतं आणि भूत दिसतं. चालू करण्याआधी तो फ्लॅग पुसा. एव्हीआरमध्ये तो शून्य लिहून नाही, एक लिहून पुसतात. उलटं वाटतं, पण तसंच आहे.

खरं सांगायचं तर, माणसाच्या बोटाने दाबायच्या एका बटणाला इंटरप्ट लागतच नाही. दर पाच मिलिसेकंदांनी पिन वाचली आणि सलग चार वेळा तेच उत्तर आलं तर मानलं, एवढ्यावर वर्षानुवर्षं उपकरणं चालतात. चिपला झोपेतून उठवायचं असेल किंवा कोण आधी हे ठरवायचं असेल तर इंटरप्ट घ्या. प्रोजेक्टच्या वहीत इंटरप्ट लिहिलं की मार्क मिळतात हे मला माहीत आहे, तो मुद्दा वेगळा.

कोण आधी हे ठरवायचं काम माझ्याकडे एकदा आलं. गणपतीत मंडळाची प्रश्नमंजुषा, चार संघ, चार मोठी बटणं, ज्याचं आधी त्याचा दिवा. उनोवर दोनच खास इंटरप्ट, म्हणून मी पिन-चेंज इंटरप्ट घेतला. पिन ८ ते ११, चारही पोर्ट बीवर. या प्रकारात चारही बटणांना मिळून एकच फंक्शन असतं आणि दाबलं-सोडलं दोन्हीला ते चालतं, त्यामुळे कुठली पिन बदलली ते आपण शोधायचं. फायदा असा की पूर्ण पोर्ट एका दमात वाचता येतो, कुणावर अन्याय नाही. बाउन्सची इथे चिंताच नव्हती, पहिला ठोका मिळाला की दार बंद.

दुकानात झकास चाललं. मांडवात रंगीत तालमीला तिसऱ्या संघाचा दिवा कुणी हात न लावता लागला. एकदा, दोनदा. मंडळाचा एक दादा म्हणाला, "ताई, तिसऱ्याला बाप्पा पावला." जरा वेळ बघितल्यावर लक्षात आलं, स्टेजवरचा उभा पंखा कुणी बंद केला की दिवा लागतो. तिसऱ्या बटणाची दहा मीटर वायर पंख्याच्या वायरबरोबर चिकटपट्टीने बांधली होती. देखणं दिसावं म्हणून, आणि बांधली होती मीच. मोटर बंद होताना जो झटका येतो तो शेजारच्या वायरमध्ये उतरत होता, आणि आतल्या अशक्त पुल-अपला तो पेलत नव्हता.

बाउन्स आणि हा झटका यांत फरक ओळखायचा तो असा: बाउन्स नेहमी बोटाच्या मागेपुढे काही मिलिसेकंदांत, घोळक्याने येतो. झटका कुणी नसताना, एकटादुकटा येतो, आणि बऱ्याचदा फंक्शन पिन वाचेपर्यंत ती परत वर गेलेली असते. वेळांचा अ‍ॅरे इथेही कामाला येतो.

उपाय चार केले, सगळे त्याच संध्याकाळी. पंख्याच्या वायरीपासून फारकत. साध्या वायरीऐवजी लॅनची केबल: तिच्यात पिळलेल्या चार जोड्या असतात, चार संघांना चार, प्रत्येक बटणाला स्वतःची ग्राउंडची तार. बोर्डाजवळ प्रत्येक लाइनला २.२ के चा बाहेरचा पुल-अप, म्हणजे दाबल्यावर साधारण सव्वादोन मिलिअँपिअर वाहतात. मोठ्या बटणांच्या काँटॅक्टवर पापुद्रा धरतो, तो मोडायलाही एवढा करंट बरा. आणि त्या लाइनमधून पिनकडे जाताना १ के, पिनपाशी ग्राउंडला १०४ चा, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा, कपॅसिटर. १ के आणि १०४ मिळून ०.१ मिलिसेकंद होतात. झटका त्यात विरतो, बोटाला ते कळतही नाही, आणि उशीर चौघांना सारखाच. कपॅसिटर थेट बटणावर लावू नका, दर दाबाला तो काँटॅक्टमधून धाडकन रिकामा होतो आणि काँटॅक्ट खातो.

कारखान्यात काँटॅक्टरशेजारून (मोटर चालू-बंद करणारा मोठा विजेचा स्विच) वायर जात असेल तर एवढ्याने भागेलच असं नाही. तिथे मी बटणाला २४ व्होल्ट देते आणि बोर्डाआधी पीसी८१७ हा ऑप्टो (तारेऐवजी उजेडातून सिग्नल पुढे देणारा) घालते, ४.७ के मधून. पाचेक मिलिअँपिअर होतात. २.२ के लावला तर पाव वॉटचा रेझिस्टर जवळजवळ त्याच्या मर्यादेवर तापतो, बंद पेटीत ते नको.

पेटी बंद करण्याआधीची माझी परीक्षा अशी: आकडा शून्य करायचा, बटणाची वायर मुद्दाम मिक्सरच्या वायरला गुंडाळायची आणि मिक्सर वीस वेळा चालू-बंद करायचा. बटणाला कुणी हात लावायचा नाही. मग बटण दहा वेळा टचकन आणि दहा वेळा दाबून धरून सोडायचं. भाच्याच्या बोर्डावर पहिल्या फेरीत शून्य आलं, दुसऱ्या फेरीत एकोणीस. तो परत कोड उघडायला लागला. मी बटण उपटून बघितलं, एक पाय ब्रेडबोर्डमध्ये अर्धाच बसला होता.